छातीतून पोटाच्या दुखण्याकडे

जुनाट स्वादुपिंडदाहाचा रुग्ण खाटेवर सरळ झोपत नाही. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन, उशी कवटाळून तो बसून राहतो, कारण उताणे झाले की बेंबीच्या वर उठलेली कळ आरपार पाठीत जाते. जेवणानंतर ती वाढते. तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस टिकते. ओसरली तरी पुन्हा येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून हळूहळू तो जेवायलाच भितो. वजन उतरते, कामाचे खाडे पडतात, आणि घरातले लोक सुरुवातीची काळजी संपल्यावर वैतागू लागतात. पहिल्या एक-दोन वर्षांत सोनोग्राफीत फारसे काही सापडले नाही, तर दुखण्यावरच शंका घेतली जाते. ‘ॲसिडिटी असेल’, ‘टेन्शन घेतो’, ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ ही वाक्ये बहुतेक रुग्णांनी निदान होण्याआधीच ऐकलेली असतात.

या पुस्तकाचा विषय आहे त्या कळेवरची एक छोटी शस्त्रक्रिया. छातीत प्रत्येक बाजूला दोन-तीन भोके पाडून, दुर्बिणीतून पाहत, स्वादुपिंडाच्या वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू मणक्याच्या कडेला कापायचे. डॉक्टरांच्या भाषेत तिला थोरॅकोस्कोपिक स्प्लँक्निसेक्टमी म्हणतात. पुढच्या पानांत तिची माहिती टप्प्याटप्प्याने येईलच. त्याआधी ती कोणत्या दुखण्यासाठी आहे, कुठून आली, तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे सांगणे मला गरजेचे वाटते. या शस्त्रक्रियेबद्दलची निराशा बहुतेक वेळा चुकीच्या अपेक्षेतून येते.

जबलपूर हे गाव या विषयाला योग्य आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. जबलपूरकर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. ते सुरू झाले तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याच्याही आधी, १८१७ पर्यंत, हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. त्यामुळे इथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आजही गोंदिया, बालाघाट, सिवनी या पट्ट्यातला माणूस आजार बळावला की एकतर नागपूरची वाट धरतो, नाहीतर जबलपूरची. मंडला, दिंडोरी, कटनी, नरसिंहपूरचे रुग्णही इथेच येतात. बहुतेकजण उशिरा येतात. खर्चाची ताकद नसलेल्या, लांबून आलेल्या, दुखण्याने खचलेल्या अशा माणसाला काय देता येईल, हाच इथला प्रश्न आहे.

आधी दुखणे समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्याला लागून आडवे पडलेले असते. लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. ते अन्न पचवणारे रस तयार करते आणि रक्तातली साखर सांभाळणारे इन्सुलिनही. वारंवार सूज येऊन या ग्रंथीचा नाजूक भाग मरतो, तिथे वण तयार होतो, नलिकेत चुनखडे साचतात. मग तीन गोष्टी होतात. चरबी पचत नाही आणि शौच तेलकट, तरंगणारे होते. मधुमेह येतो. आणि दुखते. पहिल्या दोन गोष्टींवर गोळ्या आणि इन्सुलिन आहेत. तिसरीवर सहजसोपे औषध नाही, आणि माणसाला सर्वांत जास्त खचवते तीच.

दारूने हा आजार होतो हे खरे. तंबाखू आणि विडी-सिगारेट तो वाढवतात हेही खरे. पण एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. कोचीचे डॉ. व्ही. बालकृष्णन आणि देशभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०८६ रुग्णांची पाहणी करून २००८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे ६० टक्के रुग्णांना कोणतेही स्पष्ट कारण सापडले नाही. दारू हे कारण ठरलेले ३९ टक्क्यांच्या आत होते. त्याच्या कितीतरी आधी केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण पाहिले होते, ज्यांनी दारूला कधी हात लावला नव्हता. लहानपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि तरुणपणीच मृत्यू, असा त्या रुग्णांचा प्रवास त्यांनी नोंदवून ठेवला. पुढे हैदराबादेत सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारतातल्या अशा अनेक रुग्णांत स्पिंक-१ या जनुकात बदल असतो. स्वादुपिंडाचे रस ग्रंथीच्या आतच जागे होऊन तिलाच पचवू लागले, तर त्यांना आवरणारे प्रथिन या जनुकातून बनते. म्हणजे सासरी पोट धरून बसलेल्या पंचवीस वर्षांच्या बाईला ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणणारे, आणि मजुराला तपासण्याआधीच दारुडा ठरवणारे, दोघेही चुकतात.

आता मूळ प्रश्न : दुखते का? याचे उत्तर शल्यचिकित्सकांनी बराच काळ एकाच दिशेने शोधले. नलिका तुंबते, आत दाब वाढतो, म्हणून दुखते. तर मग दाब मोकळा करा. १९५८ साली प्यूस्टो आणि गिलेस्बी यांनी, आणि १९६० साली पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी नलिका लांबवर उघडून आतड्याला जोडण्याची पद्धत दिली. फ्राय यांनी १९८७ मध्ये त्यात ग्रंथीच्या डोक्याचा काही भाग कोरून काढण्याची भर घातली. या शस्त्रक्रिया आजही उत्तम आहेत. नलिका फुगलेली असेल तर पहिला विचार त्यांचाच व्हावा, असे माझे ठाम मत आहे. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की अशा रुग्णांत लवकर केलेली शस्त्रक्रिया, आधी तोंडातून घातलेल्या दुर्बिणीचे उपचार करून पाहण्यापेक्षा, वेदना अधिक कमी करते. खडे फोडण्याचे कामही आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होते. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने शरीराबाहेरून लहरी सोडून स्वादुपिंडातले खडे फोडल्याचा हजारावर रुग्णांचा अनुभव २०१० सालीच मांडला आहे.

पण नलिका फुगलेलीच नसेल तर? अशा रुग्णाच्या स्कॅनमध्ये वणाने भरलेली आखडलेली ग्रंथी दिसते, नलिका बारीकच असते, आणि दुखणे मात्र तेवढेच तीव्र. जोडायला काही नाही, फोडायला काही नाही. शिवाय नलिका नीट मोकळी केल्यावरही काहींचे दुखणे परत येते. दाबाचे उत्तर इथे अपुरे पडते. १९८८ साली बॉकमन, ब्यूख्लर आणि बेगर यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्वादुपिंडांतले मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते जाड झाले होते, त्यांच्याभोवती सुजेच्या पेशी गोळा झाल्या होत्या आणि त्यांचे संरक्षक आवरण फाटले होते. म्हणजे दुखण्याची बातमी नेणारा तंतूच आजारी होता. माझ्या मते या आजाराच्या वेदनेबद्दल हाती आलेली ही सर्वांत मोलाची माहिती आहे. दुखणे खरे आहे, ते शरीरात आहे, आणि ते डोळ्यांनी दिसते.

त्यात आणखी एक वळण आहे. तंतूंनी वर्षानुवर्षे वेदनेचा मारा केला की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच अतिसंवेदनशील होतात. मग मूळ ग्रंथी शांत झाली तरी वेदना सुरू राहू शकते. झुरिकच्या अम्मान यांनी १९८४ च्या सुमारास मांडले होते की ग्रंथी पुरती जळून गेली की दुखणे आपोआप थांबते. या मताचा आधार घेऊन अनेक रुग्णांना ‘थांबा, काही वर्षांत कमी होईल’ असे सांगितले गेले. पुढच्या अनुभवाने हा भरवसा टिकला नाही. आणि थांबण्याची ती वर्षेच मेंदूला वेदनेची सवय लावतात. शस्त्रक्रिया कधी करावी या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

स्वादुपिंडाच्या वेदना वाहणारे तंतू छातीतून जातात, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. छातीतल्या पाचव्या ते बाराव्या मज्जाखंडांच्या पातळीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना तंतूंच्या फांद्या निघतात, एकत्र येतात आणि तीन शिरांच्या रूपाने मणक्याच्या कडेने खाली उतरतात. यांतली मोठी शीर बहुधा पाचव्या ते नवव्या खंडातून बनते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून पार होऊन त्या पोटात, महाधमनीच्या पुढे असलेल्या तंतूंच्या जाळ्यात मिसळतात आणि तिथून स्वादुपिंडापर्यंत पोचतात. वेदनेची खबर याच वाटेने उलटी वर चढते. पोटातले ते जाळे सुजलेल्या, चिकटलेल्या ग्रंथीच्या मागे दडलेले असते आणि तिथे हात घालणे जोखमीचे. छातीत मात्र तीच शीर फुप्फुसाच्या आवरणाखाली उघडी दिसते, पांढऱ्या दोऱ्यासारखी, बरगड्यांच्या मुळांना ओलांडून खाली जाणारी. जिथे वाट मोकळी आहे तिथे ती अडवायची, एवढाच या शस्त्रक्रियेमागचा विचार आहे.

हा विचार नवा नाही. जर्मनीत माक्स काप्पिस यांनी १९१४ मध्ये पाठीतून सुई घालून हे तंतू बधिर करण्याची रीत मांडली. फ्रान्समध्ये ल्योंचे पिअर माले-गी १९४० च्या दशकापासून जुनाट स्वादुपिंडदाहासाठी हे तंतू कापत होते. त्याच काळात बोस्टनचे स्मिथविक हेच तंतू वेगळ्याच कारणासाठी कापत : उच्च रक्तदाबावर धड औषधे नव्हती, तेव्हा त्यांच्या हातून शेकडो रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. औषधे आली आणि तो उपयोग मागे पडला. तो एक इशारा मात्र देऊन गेला, की दोन्ही बाजूंचे तंतू कापल्यावर उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. या साऱ्या शस्त्रक्रियांना मोठी चीर लागे. बरगड्या फाकवून छाती उघडायची तर त्या जखमेचेच दुखणे महिनोन्‌महिने राहायचे. दुखणे घालवण्यासाठी एवढे दुखवणे कुणाला परवडणार?

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना स्टॉकहोमच्या याकोबेयुस यांची, १९१० सालची. ती बराच काळ क्षयरोगाच्या उपचारात वापरली गेली. १९९० च्या आसपास व्हिडिओ कॅमेरा आला आणि चित्र पालटले. १९९४ साली स्कॉटलंडमधील डंडीचे आल्फ्रेड कुशिएरी यांनी रुग्णाला पालथे झोपवून दोन्ही बाजूंचे तंतू एकाच बैठकीत दुर्बिणीतून कापण्याची पद्धत सांगितली. पालथे झोपवल्याचा फायदा साधा पण मोठा आहे : फुप्फुस स्वतःच्या वजनाने पुढे सरकते आणि मणक्याची बाजू समोर मोकळी होते. एक बाजू झाली की रुग्णाला वळवावेही लागत नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बरगड्यांच्या मधून प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन छिद्रे, पाच ते दहा मिलिमीटरची. अगदी कमी दाबाने थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला की फुप्फुस दबते, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन्ही फुप्फुसांना वेगळी हवा देणारी खास नळी लागतेच असे नाही. फुप्फुसाचे आवरण मणक्याशेजारी उघडायचे, मोठी शीर आणि तिला येऊन मिळणाऱ्या फांद्या एकेक करून ओळखायच्या आणि विजेच्या हुकने तोडायच्या. एखादी फांदी राहून गेली तर वेदनेला तेवढी वाट उरते, म्हणून घाई करायची नाही. शेजारी उजवीकडे अझायगॉस ही मोठी रक्तवाहिनी, डावीकडे महाधमनी आणि प्रत्येक बरगडीखाली रक्तवाहिन्या. कौशल्य लागते ते इथे. शेवटी फुप्फुस फुगवायचे, हवा काढायची, टाके घालायचे. गुंतागुंत झाली नाही तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो.

आता या यादीत जे नाही त्याकडे पाहा. महागडे स्टेपलर नाहीत, कायमचे बसवायचे काही नाही, एकदा वापरून टाकायची साधने नाहीत. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला जे लागते, जवळपास तेच इथे लागते. तशी दुर्बीण आज जिल्ह्याच्या ठिकाणीही असते. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी घालून दिली, आणि ती साध्या रुग्णांसाठी घालून दिली, हे आपण विसरू नये. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून दाखवले आणि २००३ मध्ये त्याचा अनुभव छापला. जबलपूरच्या मेडिकलमधून डॉ. धनंजय शर्मा यांनी आणि त्यांच्या विभागाने कमी साधनांत चांगली शस्त्रक्रिया कशी करावी यावर सातत्याने लिहिले आहे. या परंपरेत ही तंतूंची शस्त्रक्रिया चपखल बसते. तिच्यासाठी दिल्ली-मुंबई गाठण्याची गरज नाही. दुर्बीण, छातीची भूल नीट देणारा भूलतज्ज्ञ आणि शरीररचना हातात मुरलेला शल्यचिकित्सक असला की पुरे.

यापुढचे मी जरा सावकाश सांगतो.

ही शस्त्रक्रिया स्वादुपिंड बरे करत नाही. मधुमेह तसाच राहतो, पचनाच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, आजार आपल्या गतीने पुढे जातो. ती फक्त खबर थांबवते. सुरुवातीला बहुतेकांना आराम पडतो, आणि तो पाहण्यासारखा असतो : माणूस पुन्हा पाठीवर झोपतो, पोटभर जेवतो, वजन वाढते. पण काळाबरोबर हा आराम अनेकांत ओसरतो. काही वर्षांनी पाहिले तर साधारण निम्म्यांच्या आसपास लोकांत तो टिकलेला आढळतो. याची कारणे आहेत. व्हेगस या वेगळ्या मज्जातंतूतूनही काही खबर जाते. सूज ग्रंथीबाहेर पोटाच्या मागच्या आवरणापर्यंत पोचली असेल, तर ते दुखणे दुसऱ्याच तंतूंनी जाते. आणि मेंदूला सवय लागलेली असली तर खाली काहीही कापा, उपयोग मर्यादितच.

म्हणून निवड महत्त्वाची. आधी कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीचे उपचार न झालेल्या रुग्णांना या शस्त्रक्रियेचा फायदा अधिक होतो, हे अमेरिकेतल्या हॉवर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अनुभवात दिसले. दीर्घकाळ अफूजन्य औषधांवर असलेल्यांना फायदा कमी होतो. मणक्यातून टप्प्याटप्प्याने भूल देऊन दुखणे नेमके कोणत्या तंतूंनी जाते हे तपासण्याची पद्धतही आहे. ती वेळखाऊ आहे, पण नको त्या रुग्णावर नको ती शस्त्रक्रिया टाळते. नलिका फुगलेली असेल तर ती मोकळी करणे आधी. बारीक असेल आणि दुखणे औषधांना दाद देत नसेल तर तंतूंचा विचार लवकर करावा, सगळे उपाय थकल्यावर नव्हे. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवली की ती शस्त्रक्रिया अपयशी ठरायलाच राखून ठेवल्यासारखे होते.

त्रासही होऊ शकतो. बरगडीजवळच्या तंतूला धक्का लागून छातीत जळजळ काही आठवडे राहते. छातीत हवा किंवा रक्त साचू शकते. उठताना चक्कर, काही दिवस जुलाब. यातले बहुतेक सोसण्याजोगे आहे आणि निवळते, पण हे रुग्णाला आधी, त्याच्या भाषेत सांगितलेले असावे.

मध्य प्रदेशात राहून आणखी एक गोष्ट न बोलणे मला जमणार नाही. याच राज्यात मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफू पिकते आणि नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच कचरत आले. २०१४ मध्ये कायदा सैल झाला, त्यामागे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांची अनेक वर्षांची धडपड होती. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात असलेल्या माणसाला मॉर्फिन मिळालेच पाहिजे, आणि त्याच्यासाठीही हे तंतू बधिर करण्याचा मार्ग आहे. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या तरुण रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला पुढे तीस-चाळीस वर्षे जगायचे असते. इतका काळ अफूजन्य औषधांवर काढणे म्हणजे बद्धकोष्ठ, वाढत जाणारा डोस आणि शेवटी त्याच औषधांनी वाढलेली संवेदनशीलता. इंजेक्शनच्या आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या त्या दीर्घ काळात त्याला दुसरे काही देता आले पाहिजे, आणि हे तंतू कापणे त्यांतले एक आहे.

हे पुस्तक हातात घेणारे तुम्ही रुग्ण असाल, त्याचे भाऊ-बहीण असाल, किंवा तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर असाल. रुग्ण असाल तर दारू आणि तंबाखू आजच बंद करा. त्याशिवाय कुठल्याच शस्त्रक्रियेचा आराम टिकत नाही. जबलपूर, नागपूर, कुठेही जा, जुने स्कॅन आणि कागद सगळे घेऊन जा, आणि शल्यचिकित्सकाला दोनच प्रश्न नक्की विचारा : माझी नलिका फुगलेली आहे का, आणि नसेल तर माझ्या दुखण्यावर तंतूंचा उपाय लागू पडेल का? नातेवाईक असाल तर त्याच्या कळेवर शंका घेऊ नका. आणि डॉक्टर असाल, तर पोट धरून वारंवार येणाऱ्या या माणसाला पुन्हा एक इंजेक्शन देऊन परत पाठवण्याआधी त्याचा सीटी स्कॅन करून घ्या.